आधी कालवणारीच्या गालाला

माझ्या आईच्या बोटांना ठसे नव्हते. रेशनच्या दुकानात नाहीतर शाळेच्या कागदावर अंगठा लावायची वेळ आली की रेषा उमटायच्याच नाहीत, नुसता निळा गोळा उठायचा. समोरचा कारकून म्हणायचा, नीट दाब की बाई. आई नीटच दाबायची. दाबायला रेषा राहिल्या नव्हत्या, बिब्यानं खाल्ल्या होत्या.

मंठ्याहून लोणारकडे जाताना डाव्या हाताला आमचं गाव लागतं. ज्यांच्याकडे जमीन नव्हती अशा घरांतल्या बाया तेव्हा बिबे फोडायच्या. व्यापारी पोती टाकून जायचा. बिबा एका दगडावर धरायचा, दुसऱ्या दगडानं ठेचायचा आणि आतली गोडंबी सबंध काढायची. ती गोडंबी शहरातल्या बाळंतिणींच्या लाडवात जायची. आमच्या घरात ती कुणी चाखली नव्हती. आमच्या वाट्याला यायचं ते टरफलातलं काळं तेल. ते अंगावर उडालं की फोड येतात आणि फोड बसले तरी डाग बसत नाही. धोबी त्याच तेलानं कपड्यावर खूण करतो. कापड फाटतं, खूण जात नाही. आई कामाला बसण्याआधी हाताला गोडं तेल चोपडायची, वर राख लावायची आणि आम्हा पोरांना हाकलून द्यायची. संध्याकाळी तिच्या कुशीत शिरायला बंदी होती. मी शाळा धरून ठेवली ती पुस्तकांच्या प्रेमानं नाही. मला तो दगड हातात धरायचा नव्हता. पुढं मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली, आणि कॉपी न करता. हे मी सांगते, कारण तेव्हा ते सगळ्यांना सांगता येत नव्हतं.

आईच्या शेजारी, लिंबाखाली, दुसऱ्या दगडावर प्रयागमावशी बसायची. नात्यानं ती आमची कुणी नव्हती, आईच्या कामाची जोडीदारीण. आईपेक्षा दहाएक वर्षांनी लहान. उंच, हाडापेरानं मोठी, आणि चालायची अशी की जणू पुढं कुणीतरी वाट अडवून उभं आहे आणि तिला त्याला बाजूला सारायचं आहे. तिचा उजवा गाल गव्हाच्या रंगाचा होता. डावा गाल डोळ्याखालपासून जबड्यापर्यंत काळा होता, आणि तो डाग सरसकट नव्हता. त्यात चार पट्टे होते. नीट पाहिलं तर चार बोटं दिसायची, कुणीतरी मायेनं गालावरून हात ओढल्यासारखी.

ती बोटं कुणाची, यावर मावशीनं वीस वर्षं घालवली.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीचं साल असेल. मावशीचं लग्न ठरलं होतं. मुलगा शिकलेला, एस.टी.त चिकटलेला, आणि विशेष म्हणजे हुंडा न मागणारा. त्याच मुलावर मावशीच्या चुलत भावजयीचा, सरूबाईचा डोळा होता, तिच्या धाकट्या बहिणीसाठी. ते जमलं नाही. पण सरूबाईनं तोंडावर काही आणलं नाही. लग्नघरात सगळ्यात जास्त राबली तीच. हळदीच्या दिवशी हळद तिनंच कालवली. पाच सवाष्णींनी नवरीला लावली, पाचवी सरूबाई. पाय, गुडघे, खांदे झाल्यावर शेवटी तिनं मावशीच्या गालावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली.

पहाटे मावशी उठली तेव्हा डावा डोळा उघडत नव्हता. गाल टरारून फुगला होता, त्यातून पाणी गळत होतं. दुपारी वऱ्हाड आलं. मुलाच्या बापानं नवरी पाहिली आणि हा काहीतरी घराण्यातला रोग लपवलाय म्हणून मांडवात अडून बसला. खूप बोलाचाली झाल्या. मंग कुणीतरी शहाण्यानं तोड काढली, की मांडव मोडायचा कशाला, मुलगी तयार आहे. सरूबाईची बहीण तयारच होती. बोहल्यावर तीच चढली, मावशीसाठी घेतलेल्या शालूत.

गावानं निकाल दिला तो असा: बिबा उतला. मुलगी बिबे फोडते, हाताला तेल राहिलं असेल, झोपेत गाल खाजवला असेल. मावशी सांगत राहिली, की लग्न ठरल्यापासून तिनं बिब्याला हात लावला नव्हता. पण सरूबाईनं एकच गोष्ट विचारली आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. एका वाटीतली हळद पाचजणींनी लावली, हळदीत काही असतं तर चौघींच्या हातांना काही झालं नसतं का? त्या चौघींनी हात दाखवले. हात स्वच्छ होते. सरूबाईचे हात पाहायचं कुणाला सुचलं नाही.

त्या हातांचं निघालं पुढं कधीतरी, सरूबाईच्या सासूच्या तोंडून. धुरपताकाकू म्हणजे मावशीची सख्खी चुलती. म्हातारी सुनेवर कायम नाराज, आणि नाराजीचा हिशेब ठेवण्यात पक्की. एकदा आमच्या ओट्यावर बसून कुरकुरली, की ही बया बहिनीचं लग्न उरकल्यावर महिनाभर भाकर थापत न्हवती, तव्यानं बोटं भाजली म्हणायची, सारी भाकर मह्या मढ्यावर. मावशीच्या हातातला दगड थांबला. म्हातारीला ती काय बोलून गेली ते कळलं नाही. मावशीला कळलं. पण भाजलेल्या बोटांनी काय शाबीत होतं? तवा प्रत्येक घरात असतो.

तेव्हापासून मावशीचं एक वाक्य झालं. कुणी तिच्या तोंडाकडे पाहून हळहळलं की ती म्हणायची, "गाल महा हाय. हात कोनाचा हाय ते सांग." हळहळ तिला शिवीसारखी लागायची. तिच्या मते दया करणारा माणूस आधीच समोरच्या पार्टीला मिळालेला असतो.

लग्न परत जमलं नाही. दोन बिजवर आले, तिनंच परत पाठवले. आई समजावायची तर म्हणायची, मला नवरा न्हाई पायजे, मला माणसं बोलावून पंचाईत बसवायची हाय. पंचाईत बसली नाही. मुलगी बिबे फोडणारी, तिला कोण पंच मिळणार.

मंग तिनं गाल साफ करायचं मनावर घेतलं. यातही लोकांनी चूक केली. त्यांना वाटलं, बाईमाणूस आहे, रूपाची हौस. मावशीचं म्हणणं वेगळं होतं. ती आईला म्हणाली, "तिला वाटून राह्यलं का हे जन्माचं झालं. मी पुसून दावते." पुसणं हे तिचं पहिलं सूडाचं काम होतं.

आधी गावठी उपाय झाले. लिंबू, दही, मुलतानी माती, कुणी सांगितलं म्हणून गाढविणीचं दूधसुद्धा. नंतर मंठ्याच्या बाजारातून एक ट्यूब मिळाली. तिच्यावर गोऱ्या बाईचं चित्र होतं आणि दुकानदार शपथेवर सांगायचा. आणि खरोखर चमत्कार झाला. थोड्याच दिवसांत पट्टे फिके पडले. मावशी सरूबाईच्या दारावरून मुद्दाम दोन फेऱ्या मारून आली. वर्षभरानं तो गाल पातळ झाला, उन्हात लालबुंद व्हायचा, शिरा दिसायच्या, आणि जबड्यावर बारीक लव उगवली. ट्यूब सोडली की आग व्हायची, लावली की थांबायची. सरूबाई पाणवठ्यावर म्हणाली, आता वन्संला मिशाही फुटून राह्यल्या. मावशीनं ऐकलं, हंडा भरला आणि डोक्यावर घेऊन चालू लागली. ती गप्प बसली की मला भीती वाटायची.

मी तेव्हा जालन्याला कॉलेजात होते, वसतिगृहात राहत होते. एका सकाळी मावशी फाटकाशी उभी. हातात ती ट्यूब आणि फडक्यात भाकरी. म्हणाली, तू शिकून राह्यली, तर मला कातडीचा डाक्टर दाखव. जालन्यात तेव्हा कातडीच्या एक डॉक्टरीणबाई बसायच्या, वयानं मावशीएवढ्याच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी ट्यूब उलटीसुलटी करून पाहिली आणि केराच्या डब्यात टाकली. म्हणाल्या, यात स्टेरॉइड आहे, हे तोंडाला लावायचं औषध नाही, हे तुमचं कातडं खातंय. मावशीनं मला विचारलं, म्हंजी बिबाच का? मी म्हटलं, हां, गोरा बिबा.

बाईंनी घाई केली नाही. ती ट्यूब सोडवण्यातच कितीतरी महिने गेले, कारण चेहरा चवताळून उठायचा. मंग त्यांनी उन्हाचं मलम दिलं. आता मावशीनं बिबे सोडले होते आणि बियाण्याच्या प्लॉटवर कामाला जायची. कपाशीच्या एका फुलाचे परागकण दुसऱ्या फुलाला लावायचे, दिवसभर उघड्या रानात. तिथं ही बाई तोंडाला पांढरंशुभ्र मलम फासून, वर फडकं गुंडाळून, नुसते डोळे उघडे ठेवून यायची. बाया हसून बेजार. एकीनं विचारलं, मावशे, भुताला का भेव दाखवायला चालली? मावशी म्हणाली, "न्हाई वं, भूत मह्या भावकीत हाय. त्याला सवय लावून राह्यले."

या फडक्याची एक गंमत होती. डॉक्टरीणबाईंनी ऊन वर्ज्य सांगितलं होतं आणि मावशी ते इमानदारीनं पाळायची. फक्त सरूबाईचं घर आलं की ती फडकं सोडायची. भर दुपारी, तापलेल्या रस्त्यात, त्या दारासमोरून ती उघड्या तोंडानं सावकाश जायची, कोपरा वळला की परत गुंडाळायची. वर्षानुवर्षं, जाताना आणि येताना. बाईंना एकदा कोडं पडलं की गालावरचा डाग एवढा हट्टानं का बसलाय, ऊन कुठून लागतंय. मी सांगणार होते. मावशीनं माझ्या पायावर पाय दिला.

तिनं बाईंकडे एकदाच औषधाशिवाय काही मागितलं. म्हणाली, हे चार पट्टे बघा अन् कागदावर लिहून द्या का हे दुसऱ्याच्या हातानं झालं. बाईंनी दिव्याखाली गाल निरखला. आधी काय घडलं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे बिब्यानं झालंय, एवढं मी लिहीन. कुणाच्या हातानं, ते कातडी सांगत नाही. मी खोटं लिहिलं तर तुम्हाला माझं औषधही खोटं वाटायला लागेल."

मावशी उठली आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. मला वाटलं, संपलं. मग तिनं फडकं झटकलं आणि म्हणाली, बाई बराबर हाय, बाईवर इसवास ठेवायला हरकत न्हाई. तिच्या तोंडून असं सर्टिफिकेट मी दुसऱ्या कुणाला मिळालेलं ऐकलं नाही.

नव्वदीच्या उत्तरार्धात बाईंकडे नवीन उपचार आला, पील म्हणायच्या त्याला. उसापासून निघणारं एक आम्ल ब्रशानं गालावर फिरवायचं, मुंग्या चावल्यासारखं झालं की थंड पाण्यानं धुवायचं, पुढचे दिवस पापुद्रा सुटत राहतो आणि खालून नवं कातडं येतं. आपल्या रंगाच्या कातडीला जोर केला तर डाग उजळायच्या ऐवजी आणखी काळा होतो, म्हणून बाई अगदी हलक्या हातानं, मधे मधे थांबून करायच्या. पहिल्या वेळी त्यांनी ते औषध गालाला लावलंच नाही. कानामागं टिकलीएवढं लावलं आणि म्हणाल्या, आता घरी जा, काय होतंय बघू, नंतर तोंडाला. मावशीला राग आला. एवढ्या लांब येऊन कानामागं? बाई म्हणाल्या, नवी वस्तू तोंडाला लावायच्या आधी अशीच तपासायची असते, आणि माझं काही चुकलं तर ते मला कानामागं कळलेलं बरं.

परतीच्या गाडीत मावशी खिडकीशी बसून स्वतःशी बोलत होती. रामनगर मागं पडलं तशी माझ्याकडे वळली. निकाल लागल्यापासून ती मला बीएबाई म्हणायची. म्हणाली, "बीएबाई, आधी कानामागं, मंग तोंडाला. मह्या हळदीला हे कोनाला ठाऊक असतं तर?"

गाल खरोखर उजळला. एकदम नाही, पण प्रत्येक होळीला आदल्या होळीपेक्षा जास्त. डोळ्याखालचा पट्टा गेला, मग त्याच्या खालचा, मग तिसरा. जबड्याजवळची करंगळी तेवढी राहिली. बाई म्हणाल्या, आता नवं लेझर आलंय, ही राहिलेली रेघही काढून टाकू. मावशीनं नको म्हटलं. बाईंना वाटलं, खर्चाला भ्याली असेल. ती म्हणाली, ही राहू द्या, हिचं काम बाकी हाय.

गावातल्या पोरी आता तिच्याकडे यायला लागल्या. ज्या गालाला पाहून बाया पोरांना आत घ्यायच्या, तो गाल पाहायला. तिनं पार्लर वगैरे काढलं नाही. ओट्यावर बसवून सांगायची, की ट्यूब लावत असशील तर उठ, लिंबू चोळत असशील तर उठ, उन्हात डोकं झाक, जास्त असेल तर जालन्याला जा. पण लग्नाच्या पोरीला ती एक अट घालायची. तुझ्या हळदीला मी येईन, पण जिनं हळद कालवली तिनं आधी सगळ्यांच्या देखत आपल्या गालाला लावायची, मंग आईनं, आणि मग नवरीला. कुणी का विचारलं तर म्हणायची, जालन्याच्या डाक्टरणीचा नियम हाय. डॉक्टरच्या नियमाला कोण आडवं येणार? पहिल्या लग्नात बाया लाजल्या, दुसऱ्यात हसल्या, पुढं त्याची गंमत झाली. कालवणारीचा गाल पिवळा करताना ओव्याही जुळल्या. आमच्या गावचं पाहून शेजारच्या दोन गावांत तसं सुरू झालं.

आणि दर लग्नात, कालवणारी आपल्या गालाला हात लावायची तेव्हा, सगळ्या बाया नकळत एकदा मावशीच्या जबड्यावरच्या रेघेकडे पाहायच्या आणि एकदा सरूबाईकडे. सरूबाई हळदीला यायची बंद झाली. कधी डोकं दुखायचं, कधी म्हैस व्यायची. धुरपताकाकू म्हणाली, आमची म्हैस गावातल्या दर लग्नाला व्याती.

पण घरचं लग्न चुकवता येत नाही.

सरूबाईची लेक मनीषा बारावी झालेली, नाकीडोळी नीट, पण तोंड बिघडवून घेतलेलं. तीच गोऱ्या बाईची ट्यूब, नाव तेवढं बदललं होतं. एका दुपारी आईला न सांगता ती मावशीच्या ओट्यावर येऊन बसली. मी त्या दिवशी माहेरी होते. पोरीचे दोन्ही गाल लाल, बारीक फोड आलेले. ती म्हणाली, आत्या, सोडली का आग व्हते. मावशीनं तिची हनुवटी वर उचलली आणि बराच वेळ धरून ठेवली. सरूबाईच्या पोटचा गाल तिच्या हातात होता. माझ्या आईनं आतून हाक मारली, प्रयाग. एवढंच. मावशीनं हात काढला आणि म्हणाली, "भेऊ नको वं. मी पोरीबाळीच्या गालावर सूड घेणारी न्हाई. ते काम तुमच्या घरात होतं." पोरीला ते कळलं नाही. मावशीनं तिला स्वतः जालन्याला नेलं, ट्यूब सोडवली, आग व्हायची तेव्हा ओल्या फडक्याच्या घड्या पाठवल्या. वर्षात मनीषाचा चेहरा निवळला. भोकरदनकडचं स्थळ आलं, पसंती झाली. मनीषा घरात म्हणाली, मही हळद आत्या कालवल, न्हाईतर मी हळद लावून घेनार न्हाई.

सरूबाईनं नाही म्हणून पाहिलं. मावशी सवाष्ण नव्हती. तेव्हा धुरपताकाकूच म्हणाली, लावायला सवाष्ण लागती, कालवायला कालवता यावं लागतं. अन् ती पोरीची आत्या हाय.

त्या दुपारी मी मांडवात मागच्या रांगेत होते, मांडीवर माझं पोर. हळद सरूबाईच्याच घरात, तिच्याच जात्यावर दळलेली. मावशीनं पितळी वाटी सगळ्यांसमोर धुतली, पुसली, हळद घातली, पाणी घातलं आणि कालवली. मग दोन बोटं भरून आपल्या डाव्या गालाला लावली, अगदी त्या रेघेवर. पुष्कळ वेळ तशीच बसली. बाया ओव्या म्हणत होत्या. मग तिनं वाटी सरूबाईपुढं धरली.

"घे वैनी. आईचा मान."

सरूबाईनं हात पुढं केला आणि वाटीच्या काठाशी थांबवला. ओवी पुढं गेली, हात गेला नाही. म्हातारी म्हणाली, लाव की, मुहूर्त जाऊन राह्यला. सरूबाई म्हणाली, वन्संनी लावली ना, मंग झालं. कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, डाक्टरणीचा नियम हाय, सुटका न्हाई. मावशी नुसती वाटी धरून होती.

मनीषा म्हणाली, "आई, आत्यानं तुह्यासमोर सोताला लावली. काय भेतीस?"

तेव्हा सरूबाईचा तोल गेला. पोरीकडे पाहत ती म्हणाली, "वरची लावून काय कळतं? बुडाला आधी बिब्याचं तेल चोपडलं अन् वर हळद घातली, तर वरच्या बोटाला काय लागतंय? खालपर्यंत बोटं घालील तिलाच लागतं."

ओवी थांबली. मांडवात बिब्याचं नाव कुणी काढलं नव्हतं.

वीस वर्षं ज्या प्रश्नानं मावशीचं तोंड बंद केलं होतं, पाचजणींनी लावली तर चौघींना काहीच कसं झालं नाही, त्याचं उत्तर सरूबाईनं आपल्या तोंडानं दिलं होतं, आणि ते तिच्या लक्षात यायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. पहिल्या चौघींपैकी दोघी मांडवात होत्या. त्या आपल्या हातांकडे बघत बसल्या. धुरपताकाकू म्हणाली, "म्हून भाकर थापत न्हवती व्हय तू."

मावशीनं वाटी ताटात पालथी केली. सगळी हळद ताटात पडली. रिकाम्या वाटीच्या बुडावरून तिनं बोटं फिरवली, जेवढं निघालं तेवढं गालाला लावलं आणि वाटी सरूबाईच्या मांडीवर ठेवली.

"बूड साफ हाय वैनी. तुही वाटी साफ नव्हती."

एवढंच. ओरडली नाही, रडली नाही, शाप दिला नाही. सरूबाई वाटी घेऊन बसून राहिली. तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं, आणि तीच शिक्षा होती. मनीषा जागची उठली नाही. थोड्या वेळानं तिनं ताटातली हळद मावशीकडे सरकवली आणि गाल पुढं केला. सवाष्ण नसलेल्या बाईनं नवरीला हळद लावू नये, असं म्हणायची त्या मांडवात कुणाची हिंमत नव्हती. मावशीनं लावली, पोरीच्या दोन्ही गालांना, नीट, कानापर्यंत.

लग्न झालं, पोर नांदायला गेली, सुखात आहे. सरूबाईची ती बहीण त्यानंतर आमच्या गावाला आली नाही. सरूबाईनं मावशीची माफी मागितली का, असं मला पुष्कळांनी विचारलं. नाही मागितली. मागितली असती तर दिली असती का, हे मीच मावशीला विचारलं. ती म्हणाली, "माफी बिफी नको. तिनं दर लग्नात गावाकडं पाठ करून बसावं, मला तेवढं पुरे." मी शिकलेली आहे, मला क्षमेवर भाषण करता येतं. मी केलं नाही. तिचं मला बिलकुल चुकीचं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

पंधरवड्यानं ती जालन्याला जायला निघाली, मीही सोबत गेले. डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत बसली आणि जबड्यावर बोट ठेवून म्हणाली, हिचं काम झालं, काढा. डोळ्यांवर काळा चष्मा चढवून बाईंनी यंत्र चालवलं. चट्चट् आवाज येत होता. मावशीनं खुर्चीचे हात धरले नव्हते, दोन्ही हात मांडीवर सैल ठेवले होते. पुढं आणखी दोनतीनदा जावं लागलं.

शेवटच्या वेळी परत आलो तेव्हा उन्हं कलली नव्हती. फाट्यावर उतरून आम्ही गावात शिरलो. मावशीच्या तोंडाला मलम, वर फडकं. सरूबाई दारात धान्य पाखडत बसली होती. सवयीनं मी मावशीच्या हाताकडे पाहिलं, आता गाठ सुटणार म्हणून. हात गाठीकडे गेलाच नाही. ती फडकं तसंच गुंडाळून, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत, त्या दारावरून निघून गेली, दुसऱ्या कुठल्याही दारावरून जावं तशी. सरूबाईनं मान वर केली. तिनं पाहिलं की नाही पाहिलं, मावशीला त्याची गरज नव्हती.

पुढं माझी बदली लांब झाली. मावशी गेली तेव्हा मला पोचता आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं ती आहे ती त्या रस्त्यावर, पाठमोरी.

डाग पूर्ण गेला होता. आमच्या गावात आणि शेजारच्या दोन गावांत हळद आजही आधी कालवणारीच्या गालाला लागते. आणि प्रयागमावशीचं तोंड तिच्याच हातानं बिघडलं, असं आता तिथं कुणी म्हणत नाही.